ग्राहकाला कंपनीचं राजकारण खटकलं तर? विमा एजंटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हप्ता झेपणार नाही", "घरी विचारून सांगतो", "पुढच्या महिन्यात बघू" ही उत्तरं प्रत्येक विमा एजंटाने ऐकलेली असतात. त्यांना काय म्हणायचं हेही पहिल्या प्रशिक्षणातच शिकवलं जातं. "तुमची कंपनी अमक्याच्या बाजूची आहे, मला तिच्याशी व्यवहारच नको" या वाक्याबद्दल मात्र तिथे कुणी बोलत नाही. मग एजंट एकतर वाद घालतो, नाहीतर कसनुसं हसून "जाऊ द्या हो" म्हणतो. दोन्हींमुळे ग्राहकाला वाटतं की याने माझं ऐकलंच नाही. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायदे देशागणिक बदलतात, म्हणून नेमका नियम आला आहे तिथे देशाचं नाव दिलं आहे.

1. राजकीय आक्षेप म्हणजे नेमकं काय? सगळ्यांना एकच उत्तर चालतं का?

चालत नाही. कुणाला मालकी खटकते: कंपनी सरकारी आहे, परदेशी आहे, किंवा एखाद्या उद्योगसमूहाची आहे. कुणाला पैशाचा प्रवास खटकतो, म्हणजे हप्ता कुठल्या पक्षाच्या देणगीत किंवा कुणाच्या शेअरमध्ये गेला. कुणाला एखादी जाहिरात किंवा अधिकाऱ्याचं विधान झोंबलेलं असतं. कुणाला कंपनीने ज्याचा विमा उतरवला तो माणूसच मान्य नसतो. आणि काही जणांच्या तोंडी राजकारण असलं तरी मनात भीती असते: उद्या क्लेम आला तर ही माणसं मला पैसे देतील का?

मालकीवरच्या आक्षेपाला मालकीची माहिती द्यावी लागते, भीतीला क्लेमची प्रक्रिया समजावून सांगावी लागते. भ्यालेल्या माणसाला भागधारकांची टक्केवारी ऐकवून काही उपयोग नाही. म्हणून आधी आक्षेप कुठल्या जातीचा आहे ते ओळखा.

2. ग्राहकाने असं काही म्हटलं की पहिलं वाक्य काय बोलावं?

पहिलं वाक्य प्रश्नार्थक असावं. "नेमकं काय खटकलं, सांगाल का?" एवढं पुरतं. मग तो बोलेल तितकं बोलू द्या आणि मध्ये तोडू नका. त्याचं झाल्यावर त्याचंच म्हणणं त्याला एका वाक्यात परत सांगा: "म्हणजे हप्त्याचा पैसा तुम्हाला न पटणाऱ्या ठिकाणी जाऊ नये, असं तुमचं म्हणणं आहे." तो "हो" म्हणाला की निम्मा ताण उतरतो.

दोन गोष्टी टाळा. "अहो, सगळेच पक्ष सारखे" असं म्हणू नका. ज्याला फरक वाटतो त्याला तो अपमान वाटतो. आणि मनात नसताना "अगदी बरोबर आहे तुमचं" असंही म्हणू नका. संध्याकाळी त्याच गल्लीत उलट्या मताच्या ग्राहकाकडे तुम्हाला जायचं असतं, आणि लोक एकमेकांशी बोलतात.

3. आक्षेप खरा आहे की टाळायचं निमित्त, हे कसं ओळखायचं?

सरळ विचारा: "ही गोष्ट बाजूला ठेवली तर बाकीचं सगळं पटलंय का? विम्याची रक्कम, मुदत, हप्ता?" आक्षेप खरा असेल तर ग्राहक पटकन म्हणतो, "बाकी ठीक आहे, पण या कंपनीकडून नको." निमित्त असेल तर तो हप्त्याकडे किंवा घरच्यांच्या संमतीकडे वळतो. ते कळलं की राजकारणाचा विषय तिथेच सोडून द्यावा आणि खऱ्या अडचणीवर बोलावं. "म्हणजे ते नुसतं निमित्त होतं तर!" असं मात्र चुकूनही म्हणू नये. त्याने मागे यायला एक वाट शोधली आहे, ती मोकळी राहू द्या.

खरा आक्षेप असेल तर तो मान्य करायला हवा. विमा हा वीस-तीस वर्षांचा संबंध असतो. तो कुणाशी जोडायचा हे ठरवताना माणसाने आपली तत्त्वं मध्ये आणली तर त्यात गैर काहीच नाही.

4. ग्राहक थेट विचारतो, "तुम्ही कुणाला मत देता?"

"ते माझं मी जपून ठेवतो, आणि तुमचंही तुम्हाला विचारणार नाही. तुमच्या पॉलिसीच्या कामात दोन्हींचा संबंध येत नाही." एवढं बोलून पुढे जा. तुम्ही एखाद्या पक्षाचे उघड कार्यकर्ते असाल तर परिस्थिती वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न 14 पाहा.

5. "माझा हप्ता पक्षाला देणगी म्हणून जातो का?" याचं खरं उत्तर काय?

हा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. 1905 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने आयुर्विमा कंपन्यांची चौकशी लावली. आर्मस्ट्राँग चौकशी म्हणून ती ओळखली जाते. चार्ल्स इव्हान्स ह्यूज या वकिलाने साक्षीदारांना प्रश्न विचारले आणि मोठ्या कंपन्यांनी विमेदारांच्या पैशातून राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराला देणग्या दिल्याचं उघड झालं. लोक खवळले. 1907 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने टिलमन कायदा करून कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीच्या प्रचारासाठी थेट पैसे देण्यावर बंदी घातली. म्हणजे निवडणूक-देणग्यांवरच्या या कायद्यामागे विमेदारांचा संताप होता. असा प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला कधीच हलक्यात काढू नका.

भारतात कंपनी कायदा 2013 च्या कलम 182 नुसार सरकारी कंपनीला राजकीय देणगी देता येत नाही, आणि स्थापनेला तीन आर्थिक वर्षं न झालेल्या कंपनीलाही नाही. बाकीच्या कंपन्यांना संचालक मंडळाचा ठराव करावा लागतो आणि दिलेली देणगी नफा-तोटा पत्रकात दाखवावी लागते. 2018 मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांमुळे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायच्या देणगीपत्रांमुळे, कुणी कुणाला दिलं हे झाकलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली, आणि त्यानंतर देणाऱ्यांची नावं प्रसिद्ध झाली.

तेव्हा ग्राहकाला काय सांगायचं? "माझ्या कंपनीने दिली की नाही, हे मी तोंडी सांगणार नाही. वार्षिक अहवाल काढून आपण दोघं मिळून बघू." अहवालात देणगी सापडली तर लपवू नका. "आपली कंपनी असलं काही करत नाही" हे न तपासता बोललेलं वाक्य पुढे खोटं ठरलं, तर पॉलिसीच्या अटींबद्दल तुम्ही सांगितलेलंही ग्राहकाला खोटं वाटायला लागतं.

6. "विमेदारांचा पैसा अमक्या उद्योगपतीच्या कंपन्यांत घालतात", असं म्हटलं तर?

विमा कंपनी हप्ते तिजोरीत ठेवत नाही, गुंतवते. ही गोष्ट ग्राहकाला समजावून सांगण्यात कमीपणा नाही. भारतात आयुर्विम्याच्या पारंपरिक निधीचा किमान निम्मा भाग सरकारी आणि तत्सम मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो. उरलेला भाग नियमांच्या चौकटीत कर्जरोखे, शेअर वगैरेंत जातो, आणि एकाच उद्योगसमूहात किती गुंतवायचं यावरही मर्यादा असते.

जानेवारी 2023 मध्ये अदानी समूहावर आरोप करणारा हिंडेनबर्ग या अमेरिकी संशोधन संस्थेचा अहवाल आला तेव्हा एलआयसीच्या एजंटांना हाच प्रश्न विचारला जात होता. 30 जानेवारीला एलआयसीने स्वतःच आकडे जाहीर केले: त्या समूहातले समभाग आणि कर्जरोखे मिळून 36,474.78 कोटी रुपये, आणि कंपनीच्या हाताखालची एकूण मालमत्ता सप्टेंबर 2022 अखेर 41.66 लाख कोटींहून जास्त, म्हणजे प्रमाण एक टक्क्याच्या आत. ज्याला "माझे पैसे बुडतील का" ही चिंता आहे, त्याला हा आकडा उत्तर देतो. ज्याला "त्या समूहात माझा एक रुपयाही नको" असं वाटतं, त्याला देत नाही. एक टक्का म्हणजे शून्य नव्हे. अशा वेळी टक्केवारी पुढे करत राहू नये. "आकडा हा असा आहे, निर्णय तुमचा" म्हणून थांबावं.

ग्राहकांच्या दबावाचा परिणाम होतच नाही असंही सांगू नका. फ्रान्सच्या ॲक्सा या विमा कंपनीने 2016 मध्ये तंबाखू उद्योगातली गुंतवणूक काढून घेण्याचं जाहीर केलं. कोळशावर चालणाऱ्या वीजप्रकल्पांचा विमा उतरवण्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी नंतरच्या वर्षांत बंधनं घातली. ग्राहकाचं पत्र कंपनीच्या तक्रार कक्षापर्यंत पोहोचवणं हे तुमचं काम आहे, ते करा. युलिपमध्ये, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या विम्यात, फंडाचा प्रकार निवडता येतो, पण फंडातले शेअर एकेक करून नाकारता येत नाहीत. तसं वचन देऊ नका.

7. "सरकारी कंपनी आहे, सरकार बुडवेल" आणि "खाजगी आहे, मालक पळेल" ही दोन्ही वाक्यं ऐकू येतात. काय म्हणावं?

दोन्ही ठिकाणी ग्राहकाला हवी असते ती एकच खात्री: मालक बदलला तरी माझा करार टिकेल का? त्याला इतिहास सांगा.

भारत सरकारने 19 जानेवारी 1956 रोजी वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला. 1 सप्टेंबर 1956 ला एलआयसी सुरू झाली तेव्हा 245 कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था तिच्यात सामावल्या गेल्या, आणि त्यांचे विमेदार एलआयसीचे विमेदार झाले. मे 2022 मध्ये सरकारने एलआयसीचा साडेतीन टक्के हिस्सा शेअर बाजारात विकला. एलआयसी कायद्याच्या कलम 37 मध्ये पॉलिसींना केंद्र सरकारची हमी आहे, ती विक्रीनंतरही तशीच आहे. खाजगी कंपनीचं उदाहरण हवं असेल तर सहारा लाइफचं घ्या. जून 2023 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने तिचं आयुर्विम्याचं काम एसबीआय लाइफकडे सोपवण्याचा आदेश दिला, पण अपीलीय न्यायाधिकरणाने त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. अमेरिकेत सप्टेंबर 2008 मध्ये एआयजी ही मोठी विमा कंपनी कोसळायच्या बेतात आली तेव्हा फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने 85 अब्ज डॉलरचं कर्ज दिलं आणि सरकारने जवळपास 80 टक्के हिस्सा घेतला. तिच्या विमा उपकंपन्या वेगळ्या नियमनाखाली होत्या, त्यांचे विमेदार वाऱ्यावर सुटले नाहीत.

यातून "काहीच होऊ शकत नाही" असा अर्थ काढून देऊ नका. कंपनी अडचणीत आली तर विमेदारांना मनस्ताप होतो, कामं लांबतात. मालक सरकारी की खाजगी यापेक्षा सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवण्याची ताकद, बघायला शिकवा. भारतात हे गुणोत्तर किमान 1.5 ठेवावं लागतं आणि कंपन्या ते जाहीर करतात. सरकारच्या धोरणावर राग असलेल्या ग्राहकाशी निर्गुंतवणूक, म्हणजे सरकारी हिस्सा विकणं, चांगली की वाईट यावर मात्र चर्चा करत बसू नका.

8. "परदेशी कंपनी नको, पैसा बाहेर जातो."

या आक्षेपाचं मूळ फार आदरणीय आहे. स्वदेशीच्या चळवळीत भारतीय विमा कंपन्या उभ्या राहिल्या. हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह 1907 मध्ये कलकत्त्याला टागोरांच्या जोडासांको इथल्या वाड्यातल्या एका खोलीत सुरू झाली. त्या काळात देशाचा पैसा देशात ठेवा असं सांगूनच विमा विकला जात होता. आज ग्राहक तेच म्हणतो तेव्हा एजंटाने नाक मुरडायचं कारण नाही.

वस्तुस्थिती एवढीच सांगा. भारतात विमा कंपनीतल्या परदेशी भांडवलाची मर्यादा सुरुवातीला 26 टक्के होती, 2015 मध्ये 49 झाली, 2021 मध्ये 74, आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 100 टक्क्यांना मंजुरी दिली. पण विमेदारांचा निधी भारताबाहेर गुंतवायला विमा कायद्यानेच मनाई आहे. भागधारकांना मिळणारा लाभांश मात्र बाहेर जाऊ शकतो, तो जात नाही असं सांगू नका. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागते. मोठ्या जोखमीचा काही भाग प्रत्येक कंपनी पुनर्विमा कंपनीकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीकडे, देते, आणि स्विस री, म्युनिक री यांसारख्या मोठ्या पुनर्विमा कंपन्या जगभर काम करतात. शंभर टक्के देशी विमा हवा असलेल्या ग्राहकाला त्याची खात्री कुठलाच एजंट देऊ शकत नाही.

9. कंपनीने एखाद्या वादग्रस्त नेत्याला विमा किंवा हमी दिली. ग्राहक म्हणतो, "म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूचे."

मार्च 2024 मध्ये नेमकं हेच घडलं. लेखिका ई. जीन कॅरोल यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यात डोनाल्ड ट्रम्प यांना अपील करायचं होतं, त्यासाठी सुमारे 9 कोटी 16 लाख डॉलरचा हमी-बाँड चब या विमा कंपनीने दिला. टीकेचा भडिमार झाला. तेव्हा कंपनीचे प्रमुख इव्हान ग्रीनबर्ग यांनी ग्राहकांना, ब्रोकरांना आणि गुंतवणूकदारांना पत्र लिहून हमीदाराची भूमिका समजावली: अपील फेटाळलं गेलं तर जिंकणाऱ्याला पैसे मिळावेत याची ती हमी असते, हमीदार वादात कुणाची बाजू घेत नाही.

ग्राहकाला हा फरक समजावून सांगता येतो, आणि त्याची दुसरी बाजू सांगितली तर तो लवकर पटतो. 1955-56 मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्या नागरिकांनी वंशभेदी बससेवेवर बहिष्कार टाकला. लोकांना कामावर पोहोचवण्यासाठी त्यांनी मोटारींची व्यवस्था केली, तेव्हा दबावामुळे त्या मोटारींचे विमे पुन्हा पुन्हा रद्द होऊ लागले. विम्याशिवाय गाड्या रस्त्यावर आणता येत नाहीत, म्हणजे चळवळ तिथेच थांबली असती. अटलांटाच्या टी. एम. अलेक्झांडर या विमा एजंटाने लॉइड्स ऑफ लंडन या ब्रिटनच्या विमा बाजारातून विमा मिळवून दिला आणि गाड्या धावत राहिल्या. माणसाचं राजकारण बघून विमा नाकारायची मुभा कंपन्यांना दिली, तर ती कुणाविरुद्ध वापरली जाईल हे सत्ता कुणाची आहे यावर ठरतं.

हे ऐकूनही ग्राहक म्हणाला, "कुणाला हमी द्यायची हे कंपनीने निवडलंच ना," तर तेही खरंच आहे. त्यावर वाद घालू नका.

10. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर दाखवून ग्राहक विचारतो, "हे खरं आहे का?"

माहीत नसेल तर "तपासून उद्या सांगतो" म्हणा, आणि उद्या खरंच सांगा. मालकी तपासायला शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा भागधारणेचा तपशील असतो. आर्थिक स्थितीसाठी वार्षिक अहवाल आणि कंपनीच्या संकेतस्थळावरची जाहीर माहिती असते. बाकीच्या गोष्टींसाठी कंपनीचं अधिकृत निवेदन. मजकूर खोटा निघाला तर ग्राहकाला त्याबद्दल हिणवू नका, कागद दाखवा. खरा निघाला तर तसं सांगा. आणि दुसऱ्या कंपनीविरुद्धचा असा मजकूर स्वतः कधीही पुढे पाठवू नका, त्यातून पॉलिसी मिळत असली तरीही.

11. "मी विरोधी पक्षाचा आहे", "आमच्या समाजाच्या लोकांचे क्लेम अडवतात". ही भीती कशी दूर करायची?

"असं होतच नाही" म्हणून भीती जात नाही. कागद दाखवला तर कमी होते. क्लेम करारातल्या अटींवर ठरतो, आणि नाकारला तर कंपनीला लेखी कारण द्यावं लागतं. भारतात विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर आयुर्विमा पॉलिसीवर कुठल्याही कारणाने शंका घेता येत नाही. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते. तिथून समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. 50 लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या लोकपाल ऐकतो, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. लोकपाल कार्यालयाचा पत्ता पॉलिसीच्या कागदातच असतो. त्याखाली रेघ मारून द्या.

मग त्याच्याकडून जे हवं ते मागा: प्रपोजल फॉर्ममध्ये तब्येत, व्यसन, उत्पन्न, आधीच्या पॉलिसी हे सगळं खरं लिहिणं. राजकारणामुळे क्लेम अडेल अशी भीती बाळगणारा माणूस कधी कधी मधुमेह लपवतो, आणि क्लेम अडतो तो त्यामुळे.

दंगलीत दुकान जळालं तर काय, हाही प्रश्न यातच येतो. भारतातल्या नेहमीच्या आगीच्या विम्यात दंगल, संप आणि खोडसाळ नुकसान धरलेलं असतं. युद्ध वगळलेलं असतं. तरी त्या ग्राहकाचीच पॉलिसी उघडून वाचा.

12. ग्राहक ठाम आहे. तत्त्वाचा प्रश्न म्हणून पॉलिसी बंदच करायची म्हणतो. अडवावं की जाऊ द्यावं?

जाऊ द्यावं, पण उघड्यावर नाही. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. रागाच्या भरात हप्ता थांबवला आणि दोन महिन्यांनी माणूस गेला, तर टर्म पॉलिसीत (फक्त मृत्यूचं संरक्षण, बचत नाही) घरच्यांच्या हाती काहीच येत नाही. ज्या मुद्द्यावर त्याने पॉलिसी सोडली, त्याने कुटुंबाचं घर चालत नाही.

म्हणून आधी क्रम सांगा: नवी पॉलिसी मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुनी चालू ठेवायची. मग बदलण्याची किंमत आकड्यांत लिहून द्या. वय वाढल्याने हप्ता वाढतो. मधल्या काळात रक्तदाब किंवा साखर निघाली असेल तर नवी कंपनी जादा हप्ता लावेल किंवा नाकारेल. प्रश्न 11 मधली तीन वर्षं नव्याने मोजली जातात, आत्महत्या केल्यास विम्याची रक्कम न देण्याच्या अटीचं एक वर्षही. टर्म पॉलिसी सोडताना सहसा काही परत मिळत नाही. बचतीच्या पॉलिसीत सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्याची, रक्कम मिळते, पण सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा कमी. भारतात ऑक्टोबर 2024 पासून नव्या पॉलिसींसाठी पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी काही रक्कम मिळण्याची सोय झाली आहे.

मधला मार्गही दाखवा. पॉलिसी पेड-अप केली तर पुढचे हप्ते थांबतात आणि कमी झालेल्या रकमेचं संरक्षण राहतं. "या कंपनीला माझा नवा पैसा नको" एवढंच म्हणणं असलेल्या ग्राहकाला हे पुरेसं वाटू शकतं.

आरोग्य विम्यात बदल करणं सोपं आहे, कारण भारतात पोर्टेबिलिटीची, म्हणजे आधीचे फायदे घेऊन कंपनी बदलण्याची, सोय आहे. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान 45 दिवस अर्ज करायचा, म्हणजे आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ नव्या कंपनीत धरला जातो. पण नव्या कंपनीला अर्ज नाकारण्याचा हक्क असतो, म्हणून इथेही जुनी पॉलिसी आधी सोडायची नाही.

हे सगळं सांगितल्यावर तो जायचंच म्हणाला तर फॉर्म तुम्हीच भरून द्या. कमिशन जातं, त्याचं वाईट वाटतं. तरीही फोन न उचलणं, फॉर्म दाबून ठेवणं, "साहेब रजेवर आहेत" सांगणं हे करू नका.

13. पॉलिसी नुकतीच मिळाली आहे. राजकीय कारणावरून परत करता येते का?

येते. भारतात पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लुक काळ, म्हणजे पॉलिसी वाचून परत करण्याची मुदत, असते. कारण राजकीय आहे म्हणून तो हक्क जात नाही. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीचे पैसे परत येतात. त्यानंतर प्रश्न 12 लागू होतो.

14. मी स्वतः पक्षाचं काम करतो. ते लपवावं का?

लपवू नका, पण दोन्ही कामांचे कागद आणि फोन वेगळे ठेवा. पक्षाची सभासद यादी विमा विकायला वापरू नका आणि ग्राहकांचे नंबर प्रचाराला वापरू नका. ग्राहकाने तो नंबर तुम्हाला पॉलिसीसाठी दिलेला असतो. ज्या खात्यावर कंपनीचं नाव आणि एजन्सी लिहिली आहे तिथून राजकीय मजकूर टाकू नका, ते कंपनीचं मत आहे असं वाचणाऱ्याला वाटतं. आणि ग्राहकाचं राजकारण तुमच्यापेक्षा वेगळं आहे म्हणून त्याचं काम मागे पडलं, असं एकदाही होऊ देऊ नका.

15. कंपनीची भूमिका मलाच पटत नाही. काय करू?

ग्राहकासमोर कंपनीला शिव्या घालून तिचीच पॉलिसी विकणं बरोबर नाही. त्याला कळत नाही की विश्वास कशावर ठेवायचा. कंपनीला लेखी कळवा, शाखेत बोला. फारच खटकत असेल तर एजन्सी सोडा. भारतात वैयक्तिक एजंटाला एका वेळी एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते, त्यामुळे नाराज ग्राहकाला "माझ्याकडेच दुसऱ्या कंपनीची टर्म पॉलिसी आहे" असं म्हणता येत नाही. त्याला दुसऱ्या एजंटाकडे किंवा ब्रोकरकडे पाठवणं हा सरळ मार्ग आहे.

16. नाराज ग्राहक टिकवायला कमिशनमधून थोडी सूट दिली तर?

देऊ नका. भारतात विमा कायद्याचं कलम 41 हप्त्यावर अशी सूट द्यायला आणि घ्यायलाही मनाई करतं, म्हणजे ग्राहकही अडकतो. शिवाय ज्याने तत्त्व म्हणून आक्षेप घेतला, त्याच्यासमोर पैसे ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

17. एका बातमीनंतर एकाच दिवशी अनेक ग्राहकांचे फोन येतात. प्रत्येकाला काय सांगू?

आधी शाखेला कळवा आणि कंपनीचं अधिकृत निवेदन मागा. ते येईपर्यंत स्वतःच्या शब्दांत खुलासा लिहून गटांवर टाकू नका. तुमचं एक वाक्य उद्या कंपनीचं वाक्य म्हणून फिरेल. फोन करणाऱ्या प्रत्येकाशी मात्र बोला, आणि पॉलिसीची स्थिती सांगा: हप्ता कधीपर्यंत भरलेला आहे, संरक्षण चालू आहे. ज्यांनी फोन केला नाही त्यांच्यापैकी कुणाचा हप्ता याच आठवड्यात आहे ते बघा. न बोलता हप्ता थांबवणारा ग्राहक सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

18. फॉर्ममध्ये "तुम्ही राजकीयदृष्ट्या महत्त्वाची व्यक्ती आहात का" असं विचारलंय. ग्राहक चिडला, "माझ्या पक्षाशी तुम्हाला काय करायचंय?"

तो प्रश्न पक्षाबद्दल नाही. काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालण्यासाठी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था निकष ठरवते, त्यातून तो आला आहे. मोठं सार्वजनिक पद सांभाळणाऱ्या व्यक्ती, त्यांचं जवळचं कुटुंब आणि निकटचे सहकारी यांच्या पैशाचा स्रोत जास्त काळजीने तपासायचा, एवढाच त्याचा हेतू आहे. साधा सभासद किंवा मतदार यात येत नाही. "हो" लिहिलं म्हणून विमा नाकारला जात नाही, कागद थोडे जास्त लागतात.

19. ग्राहकाने ठरवलं, पॉलिसी त्याच्याच नावावर आहे, तरी त्याला ती मोडता येत नाही असं कधी होतं का?

होतं, आणि सरेंडरचा फॉर्म भरण्याआधी हे बघायला विसरू नका. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केलेली, म्हणजे तिचे हक्क बँकेला लिहून दिलेले, असेल तर बँकेने सोडल्याशिवाय ती मोडता येत नाही. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या गट विम्यात करार मालकाचा असतो, एकट्या कर्मचाऱ्याचा आक्षेप मालकाकडेच न्यावा लागतो.

तिसरी अडचण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. भारतात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा कायदा आहे. त्याच्या कलम 6 खाली पतीने स्वतःच्या आयुष्यावर पत्नीसाठी किंवा मुलांसाठी पॉलिसी काढली असेल, तर ती त्यांच्यासाठीची विश्वस्त मालमत्ता ठरते. पती हप्ता भरतो, पण स्वतःच्या रागासाठी किंवा स्वतःच्या तत्त्वासाठी ती मोडून पैसे घेऊ शकत नाही. अशा ग्राहकाला पॉलिसीच्या पहिल्या पानावरची ती नोंद दाखवा, आणि शक्य असेल तर पत्नीलाही बोलवून तिच्यासमोर बोला, कारण त्या पैशांवर तिचा हक्क आहे.